झडपेच्या शस्त्रक्रियेआधी कोरोनरीचा अंदाज: केस पेपरपासून अँजिओपर्यंत

झडप दुरुस्त करायची किंवा बदलायची ठरली की लगेच दुसरा प्रश्न येतो: कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या, रक्तवाहिन्यांत ब्लॉक आहे का, आणि तो शोधायला कोणती तपासणी करायची? बहुतेक विभागांत उत्तर एका ओळीचे असते: 'चाळिशी ओलांडली, अँजिओ करा.' हा नियम हवेतून आलेला नाही. 2020 चे अमेरिकी आणि 2021 चे युरोपीय निर्देश दोन्ही चाळिशीपुढचे पुरुष, पाळी थांबलेल्या स्त्रिया, जोखमीचे घटक असलेले, छातीत दुखणारे आणि डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) ताकद कमी झालेले रुग्ण यांची कोरोनरी तपासा असेच सांगतात.

पण हा नियम बोथट आहे. निव्वळ रूमॅटिक मिट्रल स्टेनोसिस (रूमॅटिक तापाने अरुंद झालेली मिट्रल झडप) असलेली 48 वर्षांची शेतमजूर बाई आणि चुना (कॅल्शियम) साचलेली एऑर्टिक, म्हणजे महाधमनीच्या तोंडाची, झडप घेऊन आलेला 70 वर्षांचा मधुमेही यांना तो एकाच रांगेत बसवतो. उलट तिशीतली तकायासू (मोठ्या धमन्यांचा दाह) आजाराची रुग्ण त्याच्या जाळ्यातून निसटते. म्हणून शक्यता आधी मोजायची आणि तिच्यावरून तपासणी निवडायची. 2025 च्या युरोपीय निर्देशांनीही हीच वाट धरली: शक्यता 50 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर आधी सीटी अँजिओ, त्याहून जास्त असेल तर थेट कॅथेटर अँजिओ (धमनीतून नळी घालून). अंदाजाचा उपयोग तपासणीचा प्रकार ठरवायला करावा. तपासणी साफ रद्द करायला तो वापरला तर घात होतो. का, ते पाचव्या पायरीत येईल.

ब्लॉक आधी माहीत नसेल तर टेबलावर काय होते, हेही स्पष्ट असू द्या. हृदय थांबवताना कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवून स्नायू जपणारा द्राव, महाधमनीच्या मुळातून कोरोनरीत जातो. डावी पुढची धमनी, म्हणजे एलएडी, 90 टक्के बंद असेल तर तिच्या पलीकडच्या स्नायूला तो पुरेसा पोचत नाही. त्यात बऱ्याच काळच्या एऑर्टिक स्टेनोसिसने जाड झालेली जवनिका असली तर तो भाग अर्धवट संरक्षणात तास-दीड तास काढतो आणि पंपावरून (हार्ट-लंग मशीनवरून) उतरताना फुगून बसतो. हे आधी माहीत असते तर कोरोनरी सायनस या हृदयाच्या शिरेतून उलट्या दिशेने कार्डिओप्लेजिया दिला असता आणि बायपाससाठी पायाची शीर काढून तयार ठेवली असती.

पहिली पायरी: 'आजार' कशाला म्हणायचे ते ठरवा

मुख्य डाव्या धमनीत 50 टक्के आणि बाकीच्या मोठ्या धमन्यांत 70 टक्के किंवा जास्त अरुंदता, ही शस्त्रक्रियेचा बेत बदलणारी रेघ. युरोपीय निर्देशांनुसार 70 टक्क्यांपुढे झडपेसोबत बायपास करावी, 50 ते 70 च्या पट्ट्यात तिचा विचार करावा. स्वतःच्या विभागाची आकडेवारी काढताना यातली एकच व्याख्या धरा. एका वर्षाच्या नोंदी 50 च्या रेघेने आणि दुसऱ्या वर्षाच्या 70 च्या रेघेने केल्या की पुढचे सगळे गणित कुचकामी.

दुसरी पायरी: केस पेपर नीट भरा

खरे काम इथे आहे. शक्यता मोजणारे मॉडेल कितीही चांगले असो, त्याला मिळते ते रात्री घाईत भरलेल्या फॉर्ममधून.

वय पूर्ण वर्षांत लिहा. '40 च्या वर' असा खूण करायचा चौकोन ठेवू नका, कारण 41 आणि 69 तिथे एकच होतात. दक्षिण आशियात हा आजार लवकर येतो. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचे सरासरी वय आपल्या भागात 53, तर इतरत्र जवळपास 59 होते. म्हणून युरोपात बेतलेल्या तक्त्यात आपल्या 45 वर्षांच्या पुरुषाची जोखीम कमी दिसू शकते.

तंबाखूच्या रकान्यात 'धूम्रपान: नाही' असे लिहून मोकळे होऊ नका. मिश्री लावता का, तंबाखू मळता का, गुटखा खाता का, विडी ओढता का, हे वेगवेगळे विचारा. बाईला 'तंबाखू खाता का' विचारले तर ती नाही म्हणेल, आणि 'मिश्री लावता का' विचारले तर दिवसातून किती वेळा तेही सांगेल. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट अटॅकची शक्यता दुपटीहून थोडी जास्त, 2.23 पट, आढळली होती. ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या बाबतीत हा रकाना कोरा राहिला तर मॉडेल जोखमीचा एक मोठा घटकच गमावते.

पाळी बंद झाली आहे का, एवढे विचारून भागत नाही. कधी बंद झाली, आपोआप की ऑपरेशनने, आणि ऑपरेशन असेल तर अंडाशयही काढले का, हे विचारा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये कमी वयात काढली गेल्याचे प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजले. अंडाशयासह शस्त्रक्रिया तिशीत झालेल्या बाईचे वय 42 असले, तरी तिचा इस्ट्रोजेनशिवायचा काळ दहा वर्षांहून जास्त असू शकतो. फॉर्मवरचे 'रजोनिवृत्ती: हो/नाही' हे पकडत नाही.

मधुमेह असेल तर किती वर्षांचा, आणि एचबीए1सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) किती, हे लिहा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) लिहिताना रुग्ण स्टॅटिनवर (ते कमी करणाऱ्या गोळीवर) आहे का याची शेजारीच नोंद हवी. नाहीतर वर्षभर अॅटोरव्हास्टॅटिन घेऊन 68 वर आलेला रुग्ण 'कमी जोखीम' ठरतो. कुटुंबात कोणाला हार्ट अटॅक आला एवढे पुरेसे नाही. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत आला असेल तरच तो इतिहास धरतात.

छातीतले दुखणे हा सर्वांत फसवा रकाना. तीव्र एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये कोरोनरी स्वच्छ असूनही एंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणे) होतो: स्नायू जाड, दाब जास्त, प्राणवायूची मागणी वाढलेली आणि रक्तप्रवाह वाढवायची राखीव ताकद घटलेली. त्यामुळे एऑर्टिकच्या रुग्णात एंजायना असला म्हणजे ब्लॉक आहेच असे नाही, आणि नसला म्हणजे ब्लॉक नाही असेही नाही. उलट निव्वळ मिट्रल स्टेनोसिसमध्ये ठराविक चालीनंतर येणारे, थांबल्यावर जाणारे दुखणे असेल तर त्याला जास्त वजन द्या. ईसीजीवरचे एसटी-टी बदलही असेच. जाड जवनिकेचा 'स्ट्रेन' आणि डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा परिणाम हे इस्केमियासारखेच (रक्त कमी पडल्यासारखेच) दिसतात. जुन्या अटॅकच्या क्यू लहरी मात्र गांभीर्याने घ्या. ट्रेडमिलचा विचार करू नका. लक्षणे असलेल्या तीव्र एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये ती वर्ज्यच आहे.

इकोमध्ये झडपेचा अहवाल वाचून थांबू नका. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिका किती टक्के रक्त बाहेर टाकते) आणि जवनिकेचा ठराविक एकच भाग कमी हलतो का, हे पाहा. आधीच झालेला छातीचा सीटी असेल तर त्यात महाधमनीत आणि कोरोनरीत चुना दिसतो का ते रेडिओलॉजिस्टला विचारा. नवा खर्च न करता मिळणारी ही माहिती फार कमी लोक वापरतात.

तिसरी पायरी: झडप का बिघडली?

हा एकच प्रश्न शक्यतेचा पाया ठरवतो. वयाने चुना साचून झालेला एऑर्टिक स्टेनोसिस आणि कोरोनरीतला आजार यांची मुळे बरीच सामाईक: वय, लिपिड, रक्तदाब, मधुमेह. अशा रुग्णांत ब्लॉक सापडण्याचे प्रमाण सर्वांत जास्त. रूमॅटिक मिट्रल स्टेनोसिस हा तरुण वयात सुरू होणारा, वेगळ्याच वाटेने आलेला आजार, म्हणून तिथे ब्लॉक तुलनेने कमी. दोन पाकळ्यांच्या जन्मजात एऑर्टिक झडपेचे रुग्ण वयाने लहान असतात, त्यामुळे तेही खाली. मिट्रल झडप गळते आहे ती जवनिकेच्या इस्केमियामुळे, असा संशय असेल तर अंदाज बांधत बसू नका, थेट कॅथेटर अँजिओ करा.

आता अपवाद. वयावर चालणारी सगळी मॉडेल इथे हमखास चुकतात.

तरुण बाई, एऑर्टिक झडपेला गळती, एका हाताची नाडी मंद, दोन हातांच्या रक्तदाबात फरक: तकायासू. यात कोरोनरीचे तोंडच अरुंद होऊ शकते, तेही एकही नेहमीचा जोखीम घटक नसताना. छातीला पूर्वी रेडिएशन दिलेले असेल (लिम्फोमा, डाव्या स्तनाचा कर्करोग) तर झडप आणि कोरोनरीचा सुरुवातीचा भाग दोन्ही बिघडतात. कोपरावर, टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी असलेला विशीतला रुग्ण म्हणजे आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया. त्यात महाधमनीच्या मुळाशीच अडथळा आणि कोरोनरीच्या तोंडाशी ब्लॉक येतात. मिट्रल स्टेनोसिस आणि एट्रियल फिब्रिलेशनच्या (कर्णिकांच्या अनियमित थरथरण्याच्या) रुग्णात जुन्या अटॅकच्या खुणा दिसल्या तर डाव्या कर्णिकेतली गुठळी कोरोनरीत गेली असण्याची शक्यताही धरा. या रुग्णांना मॉडेलमध्ये घालूच नका. फाईलवर 'अंदाज लागू नाही' असे लिहा आणि कोरोनरी तपासा.

चौथी पायरी: आकडा काढा

जगात प्रकाशित झालेली अनेक सूत्रे लॉजिस्टिक रिग्रेशनची आहेत. प्रत्येक घटकाला एक गुणांक, सगळ्यांची बेरीज म्हणजे z, आणि शक्यता म्हणजे 1 भागिले (1 + e चा −z वा घात). z −1.5 आला तर शक्यता 18 टक्के. एवढे एक्सेलमध्येही होते.

मेख पुढे आहे. समजा सूत्र जिथे बनले तिथे 30 टक्के रुग्णांत ब्लॉक होते आणि तुमच्या विभागात, रूमॅटिक रुग्ण जास्त म्हणून, 12 टक्क्यांत आहेत. सूत्र जसेच्या तसे वापरले तर सगळेच आकडे फुगतील. ढोबळ दुरुस्ती अशी: दोन्ही प्रमाणांचा लॉग-ऑड्स, म्हणजे p भागिले (1 − p) चा नैसर्गिक लॉग, काढा. 30 टक्क्यांचा −0.85, 12 टक्क्यांचा −1.99, फरक −1.14. हा फरक प्रत्येकाच्या z मध्ये मिळवला की वरच्या रुग्णाचे 18 टक्के साडेसहाच्या आसपास येतात. नीट करायचे तर स्वतःच्या शे-दोनशे सलग रुग्णांवर जुना z स्थिर ठेवून फक्त सुरुवातीचा स्थिरांक पुन्हा बसवा. आपल्याकडे हे फारसे कोणी करत नाही, आणि मग 'परदेशी मॉडेल इथे चालत नाही' अशी ओरड होते.

छातीत दुखणाऱ्या बाह्यरुग्णांसाठी बनलेले तक्ते झडपेच्या रुग्णाला लावताना सावध राहा. त्यांतला मोठा वाटा लक्षणांचा असतो, आणि झडपेच्या रुग्णाची लक्षणे झडपेची असतात.

स्वतःचे मॉडेल बांधायचे असेल तर आधी ब्लॉक सापडलेले रुग्ण मोजा, एकूण रुग्ण नव्हे. 300 फाईली आणि 10 टक्के प्रमाण म्हणजे 30 रुग्ण. दर घटकामागे दहा घटना हा जुना ठोकताळा धरला तरी तीनच घटक बसतात: वय, लिंग आणि झडपेच्या बिघाडाचे कारण. एवढ्या माहितीवर वीस घटकांचे मशीन लर्निंग चालवले तर एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याचा गुण) देखणा येतो आणि पुढच्या वर्षीच्या रुग्णांवर कोसळतो. वय तुकड्यांत तोडू नका. पी-व्हॅल्यू पाहून घटक निवडू नका. कोणते घ्यायचे ते आधीच वैद्यकीय ज्ञानावरून ठरवा. कोऱ्या रकान्यांच्या फाईली फेकू नका, मल्टिपल इम्प्युटेशन (गहाळ माहिती अनेकदा अंदाजाने भरणे) वापरा. आजारी रुग्ण कमी आहेत म्हणून त्यांच्या कृत्रिम नकला घालून संख्या सारखी करण्याची हौस टाळा, त्याने शक्यतेचे आकडे फुगतात. बूटस्ट्रॅप (त्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासणे) 500 वेळा चालवा. कॅलिब्रेशनचा (अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्या मेळाचा) उतार 1 पेक्षा बराच खाली असेल तर मॉडेल अतिआत्मविश्वासी आहे. एयूसी 0.80 असूनही 10 टक्के म्हटलेल्या गटात प्रत्यक्षात 20 टक्के निघत असतील तर ते वापरण्याजोगे नाही.

आणखी एक छुपी खोट: चाळिशीच्या आतल्या बहुतेकांची अँजिओ झालेलीच नसते. ज्यांची झाली त्यांच्यात काहीतरी संशय होता. म्हणजे तरुण गटात तुमच्या नोंदी मुळातच निवडक आहेत, आणि त्या वयात मॉडेलचा आकडा ग्राह्य धरता येत नाही.

पाचवी पायरी: आकड्यावरून तपासणी

हजार रुग्ण घ्या, शंभरांना ब्लॉक. मॉडेलची संवेदनशीलता (आजारी पकडण्याचे प्रमाण) 95 टक्के, विशिष्टता (निरोगी ओळखण्याचे प्रमाण) 40 टक्के. 'कमी जोखीम' गटात 360 निरोगी आणि 5 आजारी पडतील, म्हणजे 365 कॅथेटर अँजिओ वाचतील. निगेटिव्ह अंदाज खरा ठरण्याचे प्रमाण 98.6 टक्के, कागदावर उत्तम. पण त्या पाचांपैकी एकाची मुख्य डावी धमनी अरुंद असली तर ते टेबलावर कळेल. याच 365 जणांची सीटी केली तर पाचही जण बहुधा सापडतात आणि कॅथेटरही बहुतेकांचा टळतो. म्हणून चाळिशीखालचा पुरुष किंवा पाळी सुरू असलेली स्त्री, एकही जोखीम घटक नाही, वरचे अपवाद नाहीत, अशांनाच तपासणीशिवाय सोडावे. बाकी 50 टक्क्यांपर्यंत सीटी. त्यापुढे, किंवा जवनिका कमजोर, जुना अटॅक, आधीचा स्टेंट असेल तर कॅथेटर.

सीटीची तयारी झडपेच्या रुग्णात वेगळी असते, आणि बहुतेक गडबड इथेच होते. नेहमीच्या रुग्णाला तासभर आधी मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर 50 ते 100 मिलिग्रॅम आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, उद्देश ठोके 60 ते 65 च्या खाली आणणे आणि धमन्या रुंद करणे. तीव्र एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये नायट्रोग्लिसरीनने दाब कोसळू शकतो, म्हणून देऊ नका. तीव्र एऑर्टिक गळतीत ठोके मंद केले तर डायस्टोल (हृदय सैल पडण्याचा काळ) लांबते आणि गळती वाढते, म्हणून तिथे बीटा-ब्लॉकर नको. मिट्रल स्टेनोसिसमध्ये ठोके मंद झालेले चांगलेच, पण तिथे फिब्रिलेशन असते आणि ठोके अनियमित असले की चित्रात पायऱ्या दिसतात. जुन्या मशीनवर असा रुग्ण पाठवण्यात अर्थ नाही. कोणाला काय द्यायचे हे मागणीपत्रावर झडपेच्या निदानासह लिहून पाठवा. सीटी विभागाचा नेहमीचा प्रोटोकॉल झडप पाहत नाही.

आधी कॉन्ट्रास्टशिवाय कॅल्शियम स्कोअर घ्यावा. स्कोअर हजाराच्या घरात असेल तर चुन्याच्या चमकेत आतली पोकळी दिसणार नाही. कॉन्ट्रास्ट वाया घालवण्याऐवजी तिथेच थांबून कॅथेटरकडे जा. मोजताना एऑर्टिक झडपेचा चुना कोरोनरीच्या तोंडाशी असेल तर तो चुकून कोरोनरीत धरला जातो. 'हा आकडा निव्वळ कोरोनरीचा ना?' असे विचारून घ्या. शून्य स्कोअर दिलासा देतो, पण पंचेचाळिशीच्या आतल्या मधुमेही तंबाखूखाऊ पुरुषात मऊ, बिनचुन्याचा थर असू शकतो. तिथे शून्यावर न थांबता कॉन्ट्रास्टची फेरी पूर्ण करा.

क्रिएटिनिन वाढलेले असेल तर अँजिओ आणि शस्त्रक्रिया एकापाठोपाठ एक लावू नका. मूत्रपिंड सावरायला काही दिवस द्या. मिट्रलचे बरेच रुग्ण असिट्रॉम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतात. कॅथेटर मनगटातून जाणार की जांघेतून, यावर आयएनआर (रक्त गोठण्याचा निर्देशांक) किती खाली आणायचा ते ठरते, म्हणून कॅथलॅबशी आदल्या दिवशी बोला. शस्त्रक्रिया महात्मा फुले योजनेतून असेल तर कोरोनरीचा अहवाल पूर्वमंजुरीच्या आधी हातात असलेला बरा. झडपेसोबत बायपास निघाली की अर्ज बदलावा लागतो.

एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये 50 ते 70 टक्क्यांचा ब्लॉक सापडून एफएफआर (ब्लॉकच्या पलीकडच्या आणि अलीकडच्या दाबाचे गुणोत्तर, 0.80 किंवा कमी म्हणजे गंभीर) केला तर तो खऱ्यापेक्षा सौम्य दिसू शकतो, कारण जाड स्नायूत रक्तप्रवाह औषधानेही पुरेसा वाढत नाही. 0.82 पाहून निश्चिंत होऊ नका.

छाती न उघडता, टॅव्हीने (रक्तवाहिनीतून नळीने) झडप बसवायची असेल तर हिशेब वेगळा. त्यासाठी सीटी होतेच. तिचा दर्जा चांगला असेल तर मोठे ब्लॉक तिथेच वगळता येतात. सापडले तर? 2024 च्या नोशन-3 चाचणीत 455 रुग्ण होते, एफएफआर 0.80 किंवा कमी अथवा अरुंदता 90 टक्के किंवा जास्त असलेले. स्टेंट घातलेल्या गटात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी 26 टक्के, न घातलेल्यांत 36 टक्के. रक्तस्राव मात्र 28 विरुद्ध 20. म्हणजे रक्तस्रावाचा धोका असलेल्या वृद्धात निर्णय माणूस पाहूनच घ्यावा लागतो.

वेळच नसेल तेव्हा

एऑर्टिक झडपेवर कोरोनरीच्या तोंडाशी मोठे व्हेजिटेशन (जंतुसंसर्गाचा गोळा), महाधमनी फाटलेली, किंवा कृत्रिम झडप गुठळीने अडकून रुग्ण कोसळलेला: इथे कॅथेटर घालू नये. स्थिर असेल तर सीटी, नसेल तर सरळ थिएटर. रुग्णाचे वय आणि जोखीम पाहता ब्लॉकची शक्यता बऱ्यापैकी असेल तर दोन्ही पाय शीर काढण्यासाठी स्वच्छ करून झाकून ठेवा आणि कार्डिओप्लेजिया उलट्या दिशेनेही द्या. हृदय थांबल्यावर एलएडी आणि उजवी धमनी बोटाने चाचपा. कडक, दाणेदार लागली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेव्हाच सांगा.

पंपावरून उतरताना अन्ननलिकेतून केलेल्या इकोत जवनिकेचा एखादा भाग नव्याने हलेनासा झाला, तर लगेच 'कोरोनरीचा ब्लॉक राहून गेला' असे म्हणू नका. उजवी जवनिका आणि खालची भिंत मंद असेल तर उजव्या धमनीत हवा गेलेली असू शकते. तिचे तोंड वरच्या बाजूला असल्याने हवा तिथेच आधी जाते. दाब थोडा चढा ठेवून दहा-पंधरा मिनिटे पंपाचा आधार द्या, बहुधा सुटते. मिट्रल झडप बदलल्यावर मागची-बाहेरची भिंत थांबली असेल तर सर्कमफ्लेक्स धमनी (डाव्या धमनीची मागे वळणारी शाखा) टाक्यात सापडल्याचा संशय घ्या, विशेषतः डावीकडून वर्चस्व असलेल्या (हृदयाच्या मागच्या भागाला डाव्या धमनीतून रक्त मिळणाऱ्या) रुग्णात, कारण तिथे ती झडपेच्या कड्याला खेटून जाते. पुढची भिंत थांबली आणि ती सुटतच नसेल तर मात्र एलएडीवर बायपासचा ग्राफ्ट घाला.